कपाट नको, कात्री आणा

मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. हो, तीच. लाल रबराची, गळ्याशी आवळलेली, तोंडाला काळं बूच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझं एक भांडण आहे आणि ते मला आज निकालात काढायचं आहे.

पण आधी जन्म सांगते, म्हणजे भांडण कळेल. माझा जन्म जखमेतून झाला. रबराच्या झाडाच्या सालीवर भल्या सकाळी तिरकी चीर मारतात. त्या चिरेतून पांढरं दूध थेंब थेंब गळतं आणि खाली बांधलेल्या वाटीत साठतं. जुनी चीर भरत आली की तिच्याखाली नवी. झाड काही बोलत नाही, देत राहतं. पुढे कारखान्यात त्या दुधाचं रबर झालं. साच्यात दाबून, भाजून मला आकार दिला. एका बाईने माझ्यात हवा भरून मला टाकीतल्या पाण्यात बुडवलं, बुडबुडा येतो का बघितलं, "पास" म्हणाली आणि ढिगात भिरकावलं. आयुष्यातलं पहिलं कौतुक ते एवढंच.

मला विकत घेतलं नर्समावशीने. जन्मभर रोग्यांना उचलून उचलून तिच्या पाठीचं धनुष्य झालं होतं. दवाखान्यातून निवृत्त झाली आणि स्वतःच्या पाठीसाठी मला घेऊन आली. मला वाटलं, चला, एक म्हातारी, एक पाठ आणि मी. निवांत संसार होईल.

कसलं काय! मी तिच्या पाठीला टेकायच्या आधीच समोरच्या मास्तरांची बायको कंबर धरून बसली, आणि मावशीने मला भरून तिच्या हातात दिलं.

"अहो, पण तुमची पाठ?" ती म्हणाली.

"माझी पाठ कुठे पळून जातेय? माझ्यामागेच असते."

पुढेही मी मावशीच्या पाठीला काही लागले नाही. या घरातून त्या घरात. मावशीचा एकच नियम होता. ज्याला आराम पडला त्यानेच मला पुढच्या घरी न्यायचं. कुणाच्या हाती पाठवायचं नाही, आणि रिकामी तर मुळीच नाही. गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायचं, पदराखाली पोटाशी धरायचं आणि चालत जायचं. "रिकामी पिशवी म्हणजे नुसतं रबर," ती म्हणायची. "स्वतःच्या पोटाशी धरून आणलेली असली की समोरच्याला कळतं, हिचंही दुखलं होतं."

लोक विचारायचे, मावशी, हे उपकार फेडायचे कसे? त्यावर ती एकच गोष्ट सांगायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा गेला. दवाखान्याच्या बाकावर ती दगडासारखी बसली होती. तेव्हा एक परकी बाई शेजारी येऊन बसली आणि दुपारभर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नाव नाही, गाव नाही, पुन्हा कधी भेट नाही. "आता ते मी कुणाला फेडू? प्रभूची कृपा अशीच असते बाई. मागितली नव्हती, कमावली नव्हती, पदरात पडली. पदरात पडलेलं पुढे सरकवायचं, झालं."

अशी फिरत फिरत मी मावशीच्या वरच्या मजल्यावर पोचले. तिथे सायकलवाल्याची बायको राहायची. पहिलटकरीण. बाळ शिंकलं तरी हिच्या काळजाचं पाणी. बाळ झोपलं तर श्वास चालू आहे का बघायची, जागं असलं तर झोपत का नाही म्हणून रडायची. मावशीने तिचं नावच धडधड ठेवलं होतं. बाळाच्या पोटात कळ यायची, मग ते पाय आखडून किंचाळायचं. मावशी कठडा धरत धरत वर आली आणि तिने धडधडला शिकवलं. पाणी उकळतं नको, कोमट. आधी आपल्या कोपराला लावून बघायचं, फडक्याच्या दोन घड्या करायच्या, मग बाळाच्या पोटाला शेक. बाळ शांत झालं. धडधडने मला असं काही छातीशी धरलं की मला वाटलं, आता ही मलाच पाजते.

त्या घरात फळीवर एक थर्मास होता. मोठा मिजासखोर. "मी आठ आठ तास ऊब धरून ठेवतो. तू तासाभरात गार!"

मी म्हटलं, "बाबा रे, तू धरून ठेवतोस म्हणून तुला कुणी कुशीत घेत नाही. मी गार होते तेव्हाच दुसरं कुणी ऊबदार होतं. माझी ऊब माझ्यापाशी राहिली तर मी कामातून गेले असं समज." तो गप्प बसला. झाकणच घट्ट त्याचं.

आता मधली गोष्ट ऐका. चर्चमध्ये एक बाई उपासनेला पेटी वाजवायची. बोटं गोड, जीभ कडू. बाळाच्या बाप्तिस्म्याला बाळ रडून रडून लाल झालं, तेव्हा ती चारचौघींत म्हणाली होती, "मूल असं रडतं तेव्हा आईच्या मनात काहीतरी पाप असतं." धडधडने ते गिळलं, पण पचवलं नाही. रोज बाळ रडलं की तेच वाक्य तिच्या डोक्यात वाजायचं.

आणि त्याच पेटीवालीचं पोटाचं ऑपरेशन झालं. पडून पडून तिची पाठ धरली. मावशीला आता जिना चढवत नव्हता. तिने खालूनच हाक मारली, "अगं धडधड! बाळाला बरंय ना आता? मग पेटीवालीकडे पिशवी ने गं!"

धडधड कठड्यावरून वाकली. तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, पिशवी फुटली हो!"

मी आत खुंटीला धडधाकट लटकलेली! माझ्या रबराला घाम फुटला.

खालून मावशी म्हणाली, "बरं बाई. असू दे."

ते "असू दे" धडधडला टोचलं. उठसूट खोटं बोलणारी बाई नव्हती ती. रविवारी मावशीशेजारी बाकावर बसायचं, प्रभूसमोर डोळे मिटायचे, कसं जमणार? मग तिला एक तोड सुचली. अशी तोड घाबरलेल्या माणसालाच सुचते. खोटं बोललं हे पाप ना? मग ते खरंच करून टाकू. तिने शिवणाच्या डब्यातून सुई काढली, मला खुंटीवरून उतरवलं आणि माझ्या कुशीत खुपसली.

मी ओरडले नाही. झाडाची लेक आहे मी. आणि क्रुसावर ज्याच्या कुशीत भाला खुपसला आणि तरीही ज्याने पाणीच दिलं, त्याच्या गोष्टी मी घरोघरी ऐकल्या आहेत. त्याची बरोबरी मी करत नाही, माझी पायरी मला ठाऊक आहे. पण मनात म्हटलं, टोच बाई. भोकाने मी मरत नाही. मी मरते ती खुंटीवर.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाळाला पुन्हा कळ आली. सवयीने तिने मला भरलं, मांडीवर घेतलं, बाळाला जवळ ओढलं. टप, टप, टप. सगळी मांडी ओली. बाळ रडतंय, ही रडतेय, आणि तेवढ्यात सायकलवाला जेवायला आला.

"काय झालं?"

"पिशवी... फुटली."

त्याने मला उलटसुलट केलं, फुगवलं, बादलीत बुडवलं. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. बोटाने भोक दाबून तो तिच्याकडे बघत राहिला.

"अगं, दिवसाला वीस पंक्चर काढतो मी. काट्याचं भोक तिरकं जातं, खिळा कडा फाडतो, काच चिरते. हे सरळ, बारीक, गोल आहे. ही सुई आहे. आणि या घरात सुई धरणारी माणसं दोन. त्यातल्या माझ्या आईला आता दोरा ओवता येत नाही."

धडधडने पदर तोंडाला लावला आणि सगळं ओकून टाकलं. बाप्तिस्म्याचं वाक्य, कठड्यावरचं खोटं, सुई, सगळं.

सायकलवाला ओरडेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "आधी वाढ. भूक लागलीय. मग ठिगळ लावतो."

दुकानात त्याने मला खरवडलं, ठिगळ ठेवलं आणि तापल्या साच्यात दाबलं. चटका बसला, पण ठिगळ असं जिवाला चिकटलं की तिथलं रबर आता बाकीच्यापेक्षा जाड आहे. बघा वाटल्यास.

संध्याकाळी धडधडने मला भरलं. फडकं गुंडाळलं, पदराखाली धरलं. दारात सासूबाई उभ्या.

"कुठे निघालीस? त्या पेटीवालीकडे? जिने आपल्या लेकराला असं बोलावं तिची सेवा करायला? मान बिन आहे की नाही तुला?"

धडधडचं काळीज माझ्यावर आपटत होतं, मला सगळं कळत होतं. पण आवाज निघाला तो सरळ निघाला. "आई, आधी लायक व्हा, मग ऊब देते, असं मावशीने मला म्हटलं असतं तर तुमचं नातवंड अजून किंचाळत असतं. मी जाणार. बाळ झोळीत आहे. उठलं तर डाव्या कुशीवर घ्या."

"आता मला शिकवणार बाळ घ्यायला!" सासूबाई म्हणाल्या, पण दारातून बाजूला झाल्या.

पेटीवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कशाला आलीस? मी लोळतेय ते बघायला?"

"पाठ इकडेच असू द्या."

"पिशवी फुटली होती म्हणे."

धडधडने मला पदराखालून काढलं. "फुटली नव्हती. मीच भोक पाडलं. तुम्हाला मिळू नये म्हणून. सुईने."

 मग पेटीवालीच्या खांद्यातून काहीतरी हललं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती! "अगं, नको हसवूस गं, टाके उसवतील माझे! सुईने? माझ्यासाठी एवढी मेहनत?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मी बाप्तिस्म्याला बोलले ना, त्याचंच फळ आहे हे. माझं पहिलं मूल असंच रडायचं बाई. तेव्हा मला कुणीतरी हेच म्हटलं होतं. मी तेच पुढे सरकवलं."

 धडधडने मला त्या पाठीशी टेकवलं आणि वरून हात फिरवत बसली, पार मी गार होईपर्यंत.

पंधरा दिवसांनी पेटीवालीने मला भरलं आणि नियमाप्रमाणे स्वतः चालत निघाली. कुठे? नर्समावशीच्या दारात. "पालथी व्हा," म्हणाली. मावशीने खूप नाही-होय केलं, पण पेटीवालीच्या जिभेपुढे कुणाचं चालतं? इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा त्या वाकड्या पाठीवर टेकले, जिच्यासाठी मला आणलं होतं. मावशी एवढंच म्हणाली, "अगं आई गं, हे असं असतं होय!"

मावशी आता नाही. मी आहे, आणि म्हातारी आहे. गळ्याशी भेगा पडल्यात, गरम पाणी आता झेपत नाही. आणि इथेच माझं भांडण आहे.

मंडळीच्या लोकांनी ठरवलंय की मला चर्चमधल्या काचेच्या कपाटात ठेवायचं, खाली चिठ्ठी लावायची, "आमच्या लाडक्या मावशींची पिशवी." रविवारी लोक येतील, बघतील, उसासा टाकतील आणि रिकाम्या हाताने घरी जातील.

मला हे मान्य नाही! रिकामी पिशवी म्हणजे नुसतं रबर, हे मावशीचंच बोलणं ना? मग काचेआड कुणाला दाखवताय मला? ऊब बघायची वस्तू आहे का?

आत्ता मी सायकलवाल्याच्या टेबलावर पडलेय. चर्चचे पाळक मला न्यायला आलेत. धडधडही आलीय. बाळ आता तिचं बोट धरून उभं आहे आणि बाळाच्या पाठचं आणखी एक पोटात आहे. ती पाळकांना म्हणतेय, "माफ करा, पण कपाटात नाही द्यायची मी. नवी पिशवी आणलीय आम्ही, ती फिरेल. हिचं पाठीकडचं रबर अजून चांगलं आहे. हे म्हणतात, तीस ठिगळं तरी निघतील."

"अहो, पण ती मावशींची आठवण..." पाळक म्हणतात.

"म्हणूनच," धडधड म्हणते. आणि तिचं काळीज, मी सांगते तुम्हाला, जराही धडधडत नाही.

शाबास पोरी! मला जपू नका, मला वाटा. कुणाच्या चाकात मी हवा धरून ठेवीन, कुणाच्या नळाचं गळणं थांबवीन. नव्या पिशवीला कधी कुणी घाबरून सुई टोचली, तर पहिलं ठिगळ माझं लावा. ज्याने स्वतःला भाकरीसारखं मोडून दिलं त्याला मानता ना तुम्ही? मग कात्री बघून डोळे काय मिटता?

सायकलवाले, उचला कात्री. माझ्या कुशीतल्या ठिगळापासून सुरुवात करू नका, माझ्यातलं सगळ्यांत मजबूत तेच आहे, ते शेवटी कापा.