इस्त्रीचा डगला

हसिंताने ओलं बोट इस्त्रीला टेकवलं. चर्र झालं, तसा तिने नेलिदाचा पांढरा शाळेचा डगला टेबलावर पसरला आणि आधी कॉलर हातात घेतली.

"आई, शाळा बंद आहे," खाटेवरून नेलिदा म्हणाली. एवढंसं बोलायलाही तिला मध्ये एकदा दम घ्यावा लागला.

"शाळेत नाही, दवाखान्यात जायचंय. उठून बस, वेण्या घालते."

इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, थंडी हाडात शिरत होती. फ्लूची साथ अशी की ब्युनोस आयर्समधल्या शाळांना सुट्टी आधीच देऊन टाकली होती. नेलिदाला आठवं लागलेलं, आणि तिचा ताप चौथ्या दिवशीही हटला नव्हता. तिचा बाप पहाटेच भाजीचा टेंपो घेऊन बाजारात गेला होता. हसिंताने इस्त्री फिरवता फिरवता खांद्यात तोंड खुपसून खोकून घेतलं. वाफेने होतं असं, ती स्वतःशीच म्हणाली.

बोलिव्हियातून इथे येऊन सहा वर्षं झाली होती. फुटपाथवर भाजी विकताना तिच्या घोळदार झग्याकडे आणि टोपीकडे बघून लोक काय काय बोलत, ते ती कानाआड करी. पण पांढऱ्या डगल्यात तिची पोर चारचौघींसारखी दिसे, म्हणून त्या डगल्यावर सुरकुती म्हणून ती राहू देत नसे. आणि कोणी विचारलं कशी आहेस, तर 'छान आहे, आभारी आहे' एवढंच म्हणायचं, हे तिने लेकीकडून घोटून घेतलं होतं. पहिल्याच वर्षी एका सरकारी कचेरीच्या खिडकीवर हसिंताने आपलं गाऱ्हाणं मांडलं होतं. 'मग आलात कशाला?' आतल्या माणसाने विचारलं होतं. तिला ते अजून झोंबत होतं.

इस्त्री आणि वेण्या यांत अर्धा तास गेला.

दवाखान्याची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तोंडाला मास्क लावलेली नर्स एकेकाकडे बघत चिठ्ठ्या देत होती. नेलिदापाशी येऊन ती थबकली.

"काय गं राणी, सुट्टीतसुद्धा डगला? फार हुशार दिसतेस! कशी आहेस?"

"छान आहे, ताई. आभारी आहे."

"बघा, याला म्हणतात वळण! आणि गाल कसे गुलाबी. बसा हं मावशी, तुम्हाला जरा वेळ लागेल."

हसिंताची मान ताठ झाली. चिठ्ठीवर एक्क्याण्णव आकडा होता, आत सदतिसावा चालू होता.

तासाभराने नेलिदाने आईच्या दंडावर डोकं टेकलं. तिच्या छातीवरची वेणी श्वासासरशी भराभर वरखाली होत होती. हसिंताने वाकून आपल्या घरच्या भाषेत, केचुआत, विचारलं, "बाळा, खरं सांग, कशी आहेस?"

"छान आहे," पोर डोळे मिटूनच म्हणाली. "आभारी आहे."

हसिंताच्या काळजात चर्र झालं. आईलासुद्धा? तिने पोरीला उचललं. सहा वर्षांत तिने एकही रांग मोडली नव्हती. आज ती सगळ्यांना ओलांडून थेट नर्सच्या टेबलाशी गेली.

"मावशी, नंबर..."

हसिंताने पोरीला टेबलावर बसवलं. तिने इस्त्री केलेल्या डगल्याची बटणं काढली आणि स्वेटर वर केला. श्वासागणिक फासळ्यांमधली कातडी खोल आत ओढली जात होती.

"ती खोटं बोलते," हसिंता म्हणाली. "मीच शिकवलंय तिला."

नर्स उभी राहिली आणि स्ट्रेचरसाठी ओरडली.

दुपारी नेलिदाच्या ओठांवर रंग परत आला. तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. हसिंता उशाशी उभी होती, पोरीला कुशीत घेता येत नव्हतं म्हणून डगला घडी करून छातीशी धरला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"वेळेत आणलंत. चार-पाच दिवस ठेवून घेऊ, बरी होईल ती." मग त्यांनी मान वर केली. "आणि तुम्ही कशा आहात?"

"छान आहे, डॉक्टर. आभारी आहे."

खाटेवर हालचाल झाली. नेलिदाने दोन्ही हातांनी मास्क वर उचलला.

"खोटं आहे. परवापासून खोकतेय ती. अंगपण तापलंय. मला कळू नये म्हणून उशीत तोंड घालून खोकते."

अगदी स्वच्छ स्पॅनिशमध्ये, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हसिंताने डोळे वटारले. पोरीने नजर खाली केली नाही, फक्त मास्क पुन्हा नीट बसवला.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. बाही वर करा."

हसिंता बसली. शेजारच्या खाटेजवळची बाई मघापासून हा सगळा प्रकार बघत होती.

"केवढी धीट आहे हो! तुमचीच का?"

"माझीच," हसिंता म्हणाली. मग तिला खोकला आला, आणि या वेळी तिने तो लपवला नाही.