एका खिळ्यावर दोन पिशव्या

मी एक खिळा बोलतोय. सुरतेतल्या डिंडोलीच्या या खोलीत खानदेशातले दोन भाऊ राहायचे, मग माझ्यावर एका वेळी एकच पिशवी का असायची? कितीदा विचारलं. खिळ्याला कोण उत्तर देतं.

मला धाकट्यानं, चेतननं ठोकलं. हातोडी नव्हती, पान्यानं ठोकलं. त्याला घाई फार. मी वर तोंड करून वाकडा बसलो. मोठा भाऊ गजेंद्र हसला. "तुनासारखाच वाकडा शे. राहू दे, पिशवी निसटणार नाही."

दोघंही लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला. एक दिवसपाळी, एक रातपाळी. एक डब्याची पिशवी घेऊन निघायचा, मग दुसरा यायचा आणि आपली मला द्यायचा. भेट व्हायची ती मशीनपाशी, त्या आवाजात. क्वचित सुट्टी मिळाली तर पिशव्या धुऊन दोरीवर.

दर सहा महिन्यांनी धनश्री टॅब घेऊन यायची. कामगार किती कमावतात, काम का बदलतात, असा काही अभ्यास चालला होता. गजेंद्र आधी चहा पाजायचा, मग उत्तरं द्यायचा.

"खातं बदललंत, गजेंद्रभाऊ? इथे तर मीटरमागे कमी मिळतं."

"हा सेठ म्हणाला होता, दोघा भावांना एकच पाळी देईन. अजून दिली नाही."

"मग कारण काय लिहू? यादीत पगार आहे, अंतर आहे, भांडण आहे."

"शेवटी काय आहे?"

"इतर."

"तिथं टाका, ताई. आम्ही तिथंच राहतो."

ती हसली. "परत बदलाल?"

"चेतनसोबत रोज जेवायला मिळालं तर उद्याच बदलतो."

पावसाळा संपता संपता गजेंद्र ताप घेऊन घरी आला. त्याला दवाखान्यात नेलं. परत आली ती फक्त त्याची पिशवी. चेतननं ती उशाशी ठेवली, मला दिली नाही. तिचं ओझं मला ओळखीचं होतं. पाण्याच्या बाटलीमुळे ती एका अंगाला झुकायची. मी वाट पाहत राहिलो.

काल संध्याकाळी धनश्री आली. चेतन रातपाळीला निघाला होता. त्यानं डोक्याला रुमाल बांधलेला.

"गजेंद्रभाऊ पाळीवर?"

"हो," चेतन पटकन बोलून गेला.

"या वेळी काम बदललं का त्यांनी?"

"बदललं."

"कारण?"

चेतननं रुमाल ओढून काढला. डोक्यावरचे केस नुकते कुठे उगवत होते. "इतर," तो म्हणाला.

तिनं टॅब मिटला. पुढचे प्रश्न तसेच सोडून ती निघाली.

चेतन कामावर गेला नाही. त्यानं आपली पिशवी माझ्यावर परत अडकवली. मग उशाशी ठेवलेली भावाची घेतली आणि तिच्यावर टांगली. भिंतीचा चुना भुरभुरला. मी आणखी वाकलो, पण दोघांच्या पिशव्या सकाळपर्यंत धरून ठेवल्या.