बोटांची आग

मिरची वाळवायच्या मैदानावर, पथारीवर, राबणाऱ्या बाईला विचारा, जहन्नम कशी असते. ती वर आभाळाकडे बघणार नाही, सरळ आपली बोटं पुढे करील. ओल्या मिरचीचे देठ खुडून खुडून पेरांना भेगा पडतात आणि त्या भेगांत मिरचीचा रस उतरतो. हात तेलात बुडवा, ताकात बुडवा, आग जात नाही. अस्मा लग्न होऊन नंदुरबारला आली तेव्हा सासूने, सुरैय्याने, पहिल्याच आठवड्यात तिला सांगून टाकलं होतं, "ये आग अपनी सौतन है बेटा. साथ खाएगी, साथ सोएगी."

तर ही सुरैय्या पडली. माडीवरून नाही, विहिरीत नाही. पथारीवर सरळ चालताना रिकाम्या पोत्यात पाय अडकला आणि उजवा हात टेकला. एवढंच. पण हाड असं वाजलं की शेजारी बसलेल्या बायकांनी खुडणं थांबवलं. मनगट कालथ्यासारखं वाकलं होतं.

अस्मा म्हणाली, दवाखान्यात नेऊ. जाकीर, म्हणजे तिचा नवरा, रिक्षा चालवतो. त्याने रिक्षा काढली, पण तोंड तळोद्याकडे वळवलं.

"दवाखाने में प्लास्टर लगाएंगे, डेढ़ महीना हाथ बेकार. रेवजी पंधरा दिन में काम पे बिठाता."

"हाथ किसका है, तुम्हारा या अम्मी का?"

"तू चुप बैठ. डाक्टरनी हो गई क्या?"

सुरैय्या मागे हात मांडीवर धरून कण्हत होती. तिला कुणी विचारलं नाही. घरात तिला काही विचारायची रीतच नव्हती.

रेवजी तळोद्याचा हाडवैद्य. त्याच्या बापाने शेळ्यांचे पाय बसवले, याने माणसांचे बसवले. काही सरळ बसले, काही वाकडे राहिले. वाकडे राहिलेले लोक परत सांगायला जात नाहीत, म्हणून रेवजीचं नाव मोठं. त्याने हात ओढला, पाल्याचा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून कापड असं आवळलं की बैलाचा कासरा बरा.

"ठणका लागेल," तो म्हणाला. "ठणकतं म्हणजे हाड जुळतं. पट्टी सोडली तर माझ्याकडे यायचं नाही."

ठणका लागला. सुरैय्या दोन दिवस उशी चावत होती. बोटं सुजून वांग्यासारखी झाली. अस्माने पट्टी जरा सैल करू म्हटलं, तर जाकीर अंगावर धावून आला आणि सुरैय्याही ओरडली, "हाथ मत लगा! टेढा रह गया तो कौन खिलाएगा?"

तिसऱ्या सकाळी घर शांत. सुरैय्या उठून बसली होती, डाव्या हाताने चहा पीत होती. चेहऱ्यावर असा उजेड की अस्माला आधी भीतीच वाटली.

"अस्मा, दर्द गया. और सुन, आग भी गई!"

"कौनसी आग?"

"उंगलियों की. ब्याह के पहले से जो थी, वो. रेवजी के हाथ में जादू है रे."

अस्मालाही खरं वाटलं. का वाटू नये? आग थांबावी यापलीकडे पथारीवरच्या बाईने मागितलं तरी काय असतं! तिने शिरा केला. जाकीरने दोनदा घेतला आणि "बोला था ना" असं तीनदा म्हणाला.

दुपारी सुरैय्या ऐकेना. पथारीवर यायचंच म्हणाली. डाव्या हाताने चार देठ खुडीन, पण बायकांना हात दाखवीन. लाल मिरचीचा पसारा नजर पोचेल तिथवर, आणि त्यात तोंडाला फडकं, हाताला बाह्या, डोक्यावरून ओढणी अशा गुंडाळलेल्या बाया. उन्हात राबायचं आणि ऊन अंगाला लागू द्यायचं नाही, कारण उघडं राहिलं तर मिरचीची धूळ कातडी सोलते.

"काय वं सुरैय्या, हात कसा शे?" शांतीबाईने विचारलं. ही जुनी सोबतीण, तिच्याबरोबर सुरैय्या अहिराणीच बोलायची.

"देख, आग थांबी गयी. काहीच दुखस नही."

"मग मन्हाबी हात मोडा वं कोणीतरी!" शांतीबाई म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या.

सुरैय्या लाडात आली. तिने ताजी मिरची उचलली, मोडली आणि पट्टीतून बाहेर आलेल्या बोटाच्या उघड्या भेगेत घासली. बी भेगेत अडकून बसलं. बाया "अगं माय" करून ओरडल्या. सुरैय्या अस्माकडे बघून हसत होती. "देख, कुछ नहीं होता!"

अस्माची स्वतःची बोटं त्या क्षणी पेटलेली होती. तिला ठाऊक होतं, ही आग कुणाला सोडत नाही. मिरची भेगेत गेली की जिवंत माणूस ओरडतोच. मग हे बोट ओरडत का नाही? तिने ते हातात घेतलं. जानेवारीच्या उन्हात सगळ्यांचे हात तापले होते, आणि हे बोट रांजणासारखं गार. नखं निळी.

"शांतीमौसी," ती कशीबशी म्हणाली, "ये देखो."

शांतीबाईने बोट चेपलं, सोडलं, पुन्हा चेपलं. तिचं हसू गेलं. "बाई, हाऊ हात बरा नही व्हयना. हाऊ हात मरी ऱ्हायना."

पोती फाडायचा चाकू पडला होता. अस्माने तो उचलला.

"जाकीर मारेगा तेरेकू," सुरैय्या हात मागे ओढत म्हणाली.

"मारने दो."

कापड कापलं, कामट्या निसटल्या. खाली कातडीत बांबूच्या खाचा पडल्या होत्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शेंड्याला काळं. शांतीबाईनेच रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली, आणि ती जाकीरची नव्हती हे बरंच झालं.

दवाखान्यातली डॉक्टरीण चिडलेली होती, पण सुरैय्यावर नाही. जाकीर धावत आला तेव्हा तिने त्यालाच समोर उभं केलं.

"मोडल्यावर आत सूज येते. सुजेला जागा लागते. तुम्ही जागाच ठेवली नाही, रक्त बंद पडलं. आधी ठणका, मग बधिरपणा. दुखणं थांबलं तेव्हा तुम्ही शिरा खाल्ला म्हणे?"

डॉक्टरणीने एक्स-रे उजेडाकडे धरला.

"आणि एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होतं. आतून पोकळ झालंय. घरात दूध कोण पितं?"

घरात एक शेळी होती. सुरैय्या तिला चारायची, सुरैय्या तिचं दूध काढायची. दूध जाकीर प्यायचा. सुरैय्या भांडं विसळून त्या पाण्याचा चहा करायची आणि जाकीर म्हणायचा, अम्मी को दूध पसंद नहीं. हाडवैद्याला शिव्या देणं सोपं आहे. पण त्याने एकदाच हात आवळला. घराने ही बाई जन्मभर आवळून ठेवली होती.

दोन बोटं गेली. बाकीच्या तिन्हींचं डॉक्टरीण सांगेना. नसा जाग्या झाल्या तर हात कामाचा, नाहीतर नुसता लटकलेला.

घरी आल्यावर सुरैय्या बोलेनाशी झाली. जाकीर पेल्यात दूध आणून ठेवायचा, त्यावर साय धरायची. एकच गोष्ट ती रोज मागायची. "मिरची ला."

अस्मा मिरची मोडायची आणि अंगठ्याला लावायची. काही नाही. मधल्या बोटाला. काही नाही. सुरैय्या भिंतीकडे तोंड करायची.

मिरचीचा हंगाम संपून पथारी उठत आली तेव्हाची गोष्ट. अस्माने शेवटच्या मालातली तिखट मिरची मोडून अंगठ्यावर घासली आणि तो पुसायला ओढणी उचलली. सुरैय्याचा खांदा हलला. मग तिने ओठ दाबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अम्मी?"

"जल रहा है," सुरैय्या म्हणाली. "थोडा. नाखून के पास."

अस्मा पाण्याचा तांब्या आणायला धावली.

"पानी मत ला," सुरैय्या ओरडली. अंगठा तिने छातीशी धरला होता. "धोना नहीं. जलने दे."