पाचवी खाट

सगळे त्याला उंचे म्हणत, कारण कुठल्याही दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. वीस वर्षं त्याने नायकाचा भाऊ, वकील, फौजदार असं काय काय केलं, पण पोस्टरवर कधी झळकला नाही. मग एका चित्रपटात अंथरुणाला खिळलेल्या बापाचं काम मिळालं. संवाद एकही नाही, बोलायचं ते डोळ्यांनी. वर्षअखेरीला एका वर्तमानपत्राने सहायक नटांची सर्वोत्तम पाच कामं निवडली, त्यात उंचे पहिला. बायकोने ते कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलं.

त्यानंतर फोन वाजायला लागला खरा. पण तीन चित्रपट आले आणि तिन्हींत खाटच!

"बाबा, निदान पाठांतराची कटकट नाही," मुलगी चिडवायची. तोही हसायचा.

पाचव्यांदाही खाटच समोर आली तेव्हा मात्र हसू आलं नाही. तो दिग्दर्शकाला म्हणाला, "त्यापेक्षा मला शेजाऱ्याचं काम द्या. दोनच प्रसंग आहेत, पण गडी जिने चढतो, भांडतो."

"सर, तुम्ही उभे राहिलात तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटेल हो," दिग्दर्शक अगदी आदराने म्हणाला.

उंचेने काम नाकारलं. मग चार महिने फोन मुका. घरात तो या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालायचा. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, घ्या ते काम. घरात बसून खंगत चाललात."

चित्रीकरण अजून सुरू व्हायचं होतं. त्याने स्वतःहून फोन केला.

पहिल्याच दिवशी मुलाचं काम करणारा नायक त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडू लागला, आणि नेमका तेव्हाच उंचेच्या पोटरीत गोळा आला. जीव कळवळला. पाय झाडावा, ओरडावं, उठून पळावं असं वाटत होतं. पण कॅमेरा चालू होता. तो हलला नाही. डोळे भरून आले आणि पाणी कानापर्यंत ओघळलं.

"कट! वा सर, वा!" दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. "या वर्षीही तुमचंच नाव!"

उंचे उठून बसला, पोटरी चोळू लागला. "पायात गोळा आला होता हो," तो म्हणाला. कोणाला ऐकूच गेलं नाही.

"सर, जवळून अजून एकदा घेऊ. अगदी असंच हवं."

रंगभूषाकाराने त्याचे गाल टिपले. उंचेने पाय लांब केले आणि उशीवर डोकं टेकलं.