अकरा ठिपके

"आबाजी, तुमी रोज संध्याकाळी दुर्बीन लावून कोनाच्या घरात पाहता?"

रुचितानं एका दमात विचारून टाकलं. भिंतीमागे लपलेल्या समता आणि पल्लवीचं फिसकन हसणं तिला ऐकू आलं. पैज त्यांचीच होती. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या गेटाबाहेर, लेआउटमधल्या शेवटच्या घराच्या गच्चीवर सोमाजी नावाचा एक म्हातारा अंधार पडता पडता दुर्बीण घेऊन उभा राहतो. त्याला हे विचारायची हिंमत नववीच्या अख्ख्या वर्गात आहे कोणाची? रुचिताची होती. पंधरा दिवसांपूर्वी गॅदरिंगमध्ये तिनं एकदाही न अडखळता सूत्रसंचालन केलं होतं, आणि तेव्हापासून आपण कोणालाही काहीही विचारू शकतो असं तिला वाटायला लागलं होतं.

सोमाजींनी दुर्बीण खाली घेतली. कानटोपी सारखी केली.

"वर ये. त्याचं घर दाखवतो."

मैत्रिणी पळाल्या. रुचिता जिना चढून वर गेली.

दुर्बिणीत तिला काळ्या घोंगडीवर तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसं आकाश दिसलं. वृषभ राशीच्या शिंगाच्या टोकाशी, आबाजींनी सांगितलेल्या जागी, त्यातलीच एक कणी होती.

"हे तं साधी चांदनी होय!"

"आज साधी. चार दिवसानं ये. चांदनी आपली जागा सोडत नाई. हा सोडते."

चार दिवसांनी ती एकटीच आली. आबाजींच्या वहीतल्या नकाशावरचा चार दिवसांपूर्वीचा ठिपका बघितला, दुर्बीण डोळ्यांना लावली, पुन्हा नकाशा बघितला. आजूबाजूच्या सगळ्या कण्या जागच्या जागी होत्या. ती एक मात्र नव्हती.

"सरकला! आबाजी, सरकला!"

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सोमाजींनी चष्मा काढला. स्वेटरच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले.

त्या रात्री जेवताना रुचितानं सगळं सांगितलं. व्हेस्टा नावाचा लघुग्रह, मंगळाच्या पलीकडे फिरणारा एवढा मोठा दगड, आणि तो सोमाजी आबाजींच्या गच्चीवरून दिसतो! बाबांनी, म्हणजे अश्वजितनं, घास हातात धरून ऐकलं. आई म्हणाली, "थंडीची गच्चीवर कायले जातेस?" आणि उतरवून ठेवलेलं वरण ढवळत बसली. बाजाराला जाताना आई त्या शेवटच्या घरावरून कधीच जात नाही, मागच्या गल्लीनं जाते, हे रुचिताला तेव्हा पहिल्यांदा आठवलं. पण लगेच विसरलीही, कारण पुढच्या ठिपक्याची तिला घाई होती.

मग ती एक दिवसाआड जाऊ लागली. सोमाजींनी फॅक्टरीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढली होती आणि गच्चीवरही लॅबचाच कायदा चालायचा. एकानं बघून सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं, खाली दोघांच्या सह्या. चुकलं तर रबर चालायचं नाही. ज्याची चूक त्यानंच लाल पेनानं आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची.

"दुसऱ्यानं मारली तं?"

"मंग ते दुरुस्ती नाई, तक्रार होय."

बायको सत्यभामाबाई होत्या तोवर दुसरी सही त्यांची असायची. आता तो रकाना रिकामा राहायचा. कधी कधी सोमाजी लिहिता लिहिता थांबून जुन्या गोष्टी सांगायचे. पूर्वी लाइट गेली की अख्खी कॉलनी गच्चीवर यायची, खाटा टाकायची, कोणाच्या तरी रेडिओवर गाणी लागलेली असायची. आता गेटावरच्या पांढऱ्या दिव्यांनी अर्धं आभाळ खाऊन टाकलं होतं. रुचितानं न पाहिलेला तो अंधार तिलाही हवाहवासा वाटायचा.

"आता पाह्य," एकदा ते ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाले. "औताचा बैल वावराच्या कडेले, धुऱ्याजवळ आला की काय करते?"

"हळू होते. मंग वळते."

"हाही तसाच. ठिपके जवळ जवळ येऊन राहिले ना? आठ-दहा दिवसात थांबते अन् उलटा फिरते. ते वळन सापडलं पाह्यजे."

पण सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, नागपूरला. आठ दिवस दुर्बीण बंद. नेमके तेच आठ दिवस.

"वही मले द्या. मी लिहिन."

"नाई."

"काहून?"

"दोन सह्या लागतात. अन् एकदा दिली होती एका पोरीले." ते उठले. "चहा ठेवतो."

रुचिता फुरंगटून बसली आणि मग जुन्या वह्या चाळू लागली. प्रत्येक फेरीत ठिपके दाट होत गेलेले, मग वळण, मग उलट्या दिशेनं विरळ. एकाच वहीत वळण नव्हतं. डिसेंबर २००१. शेवटचे अकरा ठिपके सारख्या अंतरावर, पट्टीनं आखल्यासारखे, सरळ चालले होते.

"आबाजी, हा बैल तं धुरा तोडून गेला!" ती मोठ्यानं हसली, आणि तिची नजर खालच्या सहीवर गेली.

रिता. 'र'ची शेपटी लांब ओढून पूर्ण नावाखालून नेलेली.

ही शेपटी ती पहिलीपासून आपल्या प्रगतिपुस्तकावर बघत आली होती.

सोमाजी चहा घेऊन आले. तिचं हसू थांबलेलं त्यांनी पाहिलं. एक कप तिच्यापुढे ठेवला.

"आई लहानपनी कॉलनीत तुमच्या बाजूच्या क्वार्टरमध्ये राहे?"

"हव. माह्यी सेकंड शिफ्ट होती. मी म्हनलं, बारा दिवस तू पाह्य अन् काकू लिहीन. काकू गेली मायेरी. पोरीची गॅदरिंग होती, नाच होता. पह्यल्या दिवशी पाह्यलं असंन तिनं. मंग खालीच बसून पट्टीनं ठिपके टाकले."

"तुमाले कधी समजलं?"

"वही उघडली तवाच."

"रागावले?"

"रागवाले ती आली तं पाह्यजे. माह्या चेहऱ्याकडे पाह्यलं अन् जे पळाली…" ते हसले, पण लगेच थांबले. "भारी मोठ्यानं ओरडे. 'काका, सरकला!' क्वार्टरची पूर्ण लाइन जागी व्हायची. तू ओरडली तवाच मी ओळखलं, कोनाची पोट्टी होय."

रुचितानं वही जवळ ओढली. बावीस वर्षांत त्या अकरा ठिपक्यांवर कोणी साधं पेन्सिलचं टोकही टेकवलं नव्हतं.

"खोडलं काहून नाई?"

"माह्यी चूक थोडीच होती ते."

खाली रस्त्यावरून फॅक्टरीची बस गेली. रुचितानं चहा अर्धाच पिऊन ठेवला.

घरी आई पोळ्या लाटत होती. बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते, पायातले बूटही निघाले नव्हते. येताना रुचितानं मनाशी बरंच काही ठरवलं होतं: आईला कोंडीत पकडायचं, गॅदरिंगच्या नाचाबद्दल विचारायचं. पण आईच्या कपाळावर पिठाचं बोट लागलेलं होतं आणि बाराव्या पोळीवरही तिचं लाटणं गोलच फिरत होतं. रुचिताला काही ते जमेना.

"आई, आबाजींच्या सगळ्या वह्या आहेत अजून. २००१चीही."

लाटणं थांबलं.

"खोडलं असंन त्यानं," आई पोळपाटाकडे बघत म्हणाली.

"नाई. ज्याचं त्यानं खोडायचं, म्हनते."

बाबांनी एकदा आईकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. "काय चाललं, मले सांगान का कोनी?"

आईनं गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली.

रुचितानं बाबांच्या युनिफॉर्मच्या खिशातून लाल पेन काढलं. टोपण उघडून आपल्या तळहातावर रेघ ओढून पाहिली; लाल उमटली. मग स्टेजवर उभी राहायची तशी, दोघांनाही दिसेल अशी उभी राहिली.

"सोमवारपासून आठ दिवस आबाजींची वही मी लिहिनार. सातची ट्यूशन बुडन, मी सरांले सांगतो. दुसरी सही आईची. अन् पह्यले उद्या आमी दोघी तिकडे जाऊन राहिलो, समोरच्या रस्त्यानं."