कोरी, पूर्ण डिंकासह

धाकटा भाऊ गेला त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा भावजय त्याच्या तिकिटांचा खोका छातीशी धरून ताईच्या कचेरीत आली. ताई लिलावघरात वर्णनं लिहायची. विक्रीला आलेलं टपालाचं तिकीट चिमट्यात धरायचं, भिंगाखाली न्यायचं, त्याची अवस्था चार शब्दांत मांडायची आणि शेजारी अंदाजे किंमत टाकायची, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"ते म्हणायचे, मला काही झालं तर हे ताईकडे ने," भावजय म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. ताई सांभाळून घेईल."

"सांभाळायचं काय त्यात? बघते की."

खोक्यात सगळी आधीच रद्द केलेली तिकिटं होती. गठ्ठ्याने पत्रं पाठवणाऱ्या कंपन्यांना डाकखातं पूर्वी अशी तिकिटं विकायचं. वर गावाचं नाव आणि काळे पट्टे आधीच छापलेले, म्हणजे नंतर शिक्के मारत बसायला नको. नवख्याला ती वापरलेलीच वाटतात. खरं काय ते मागची बाजू सांगते. डिंक जसाच्या तसा असला की तिकीट कोरं, आणि गाव लहानसं असलं तर शौकिनांच्या त्यावर उड्या.

वरची पाकिटं साधी होती. ताईने भराभर लिहिलं: 'कोरी, डिंक किंचित पिवळा, एक दाता मुडपलेला.' किमतीही बेताच्याच.

"पोरीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष निघेल ना एवढ्यात?" भावजयेने विचारलं.

"अजून तळाचं पाकीट आहे."

तळाचं पाकीट उघडलं आणि ताई सावरून बसली. नावंही कुणी ऐकली नसतील अशा गावांची तिकिटं, तीही जोडच्या जोड. तिने एक उलटं केलं. डिंक तुळतुळीत होता, पण भोकांच्या कडेने काळे ठिपके उतरले होते. खऱ्या मालात पट्टे आधी छापायचे आणि भोकं मागाहून पाडायची. भोकांतून शाई मागे झिरपायचं कारणच नव्हतं. तिने पुन्हा सुलटं करून गावांची नावं पाहिली. गावं वेगवेगळी, पण प्रत्येक नावात एका अक्षराचा पाय तसाच तुटका.

तो तुटका पाय ताई ओळखत होती. धाकट्याचा छापखाना होता. घरातल्या साऱ्या पत्रिका तोच छापायचा आणि मुद्रितं ताई तपासायची. हा खिळा बदल रे, असं ती त्याला दरवेळी सांगायची.

"तिकिटं साधी आहेत, हे पट्टे आणि गावं त्याने वरून छापलीत," ती म्हणाली.

भावजय खोक्याचं झाकण लावू लागली.

"तुला माहीत होतं?"

"शेवटी शेवटी ते छापखान्याला आतून कडी लावून बसायचे. काम नाही तर कडी कशाला, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. म्हणूनच नाही विचारलं." मग ती पुढे झुकली. "ताई, कोरी तर आहेत ना? डिंक आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच लिहा. त्यात खोटं काय?"

खोटं काहीच नव्हतं, आणि तेच ताईला झोंबलं. बहीण खोटं लिहिणार नाही हे धाकट्याला ठाऊक होतं. तिला खोटं लिहावंच लागू नये अशी सोय तो करून गेला होता. मेल्यावरही माझ्याच गळ्यात मारलंस, असं तिच्या मनात आलं, आणि रडूही आलं.

"पट्टे कुणाचे तेही लिहावं लागतं," ती म्हणाली. "घेणारा पैसे त्याचेच मोजतो."

"घेणारा परका. आम्ही कोण?"

ताईने तळाचं पाकीट आपल्याकडे ओढलं. "परत दिली तर दुसरीकडे विकशील?"

"विकेन."

ताईने खणातून लहानसा रबरी शिक्का काढला. नकली माल पुन्हा बाजारात येऊ नये म्हणून लिलावघराने तो ठेवलेला होता. एकेक तिकीट उलटं करून तिने डिंकावर 'नकली' उठवलं. भावजय शेवटच्या तिकिटापर्यंत बघत बसली.

"त्यांच्या हातचं शेवटचं काम होतं हे," ती उठताना म्हणाली.

"पोरीचं मी बघते."

"तुमचे नकोत."

खरी पाकिटं तेवढी लिलावात लागली. तळाच्या पाकिटाची गोष्ट ताईने मालकाला स्वतःच सांगितली होती. ती षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. विक्रीच्या दिवशी पाकिटांचा पुकारा झाला आणि सभागृहात एकही हात वर झाला नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाने तिला बाजूला घेतलं. "तुमच्या लिहिण्यावर शंका नाही हो. पण त्या घरातलं म्हटल्यावर घ्यायला जीव होत नाही."

त्या घरातली तर तीही होती. तिने मान हलवली.

संध्याकाळी तिने भावजयेला फोन केला. सरळच सांगितलं, की काही विकलं गेलं नाही. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"पोरीला परत बोलावलंय," भावजय म्हणाली. "परवा आम्ही माझ्या भावाकडे जातोय."

"खोका आणून देऊ?"

"नको. आणि ताई, पुन्हा फोन करू नका." आवाजात राग नव्हता, ती नुसती दमली होती.