तणमास्तरांचं औषध

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी शेतात फवारणी पंपाच्या नोझलवरून वाद चालला होता. वाद बाबांचा आणि फवारणीवाल्याचा. मी बांधावर चहाचा थर्मास धरून उभी होते.

बाबा तणनाशकांचे सल्लागार. नोकरीतून निवृत्त झाले, सल्ला मात्र चालूच राहिला. आसपासचे शेतकरी त्यांना तणमास्तर म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे जरा कमी आदराने. रानमाठ या तणाशी त्यांचं जन्माचं वैर. सोयाबीनमध्ये याचं एक झाड सुटलं तर लाखांनी बी टाकतं, हे ते लग्नघरी भेटलेल्या पाहुण्यांनाही सांगत. तो बोटभर असतानाच फवारा, हा त्यांचा मंत्र आणि औषध वर्षानुवर्षं एकच.

तर त्या दिवशी, वेळेत फवारलेल्या त्या रानात, रानमाठ गुडघाभर उभा होता.

"नोझल तुंबलं असणार," बाबा म्हणाले.

"मास्तर, नोझल बदलून बदलून थकलो. आता मलाच बदला."

"तुझा चालायचा वेग चुकतो."

"मग घोड्यावर बसून फवारू का?"

"गाढवावर बस. वेग बरोबर जमेल."

फवारणीवाला खो खो हसला. बाबाही हसले, पण नजर तणावरच होती.

नोझल तुंबलं की तण ओळीने वाचतं, पट्टीने आखल्यासारखं. हे लहानपणी मला त्यांनीच दाखवलं होतं. इथे एक झाड जळून काडी झालेलं आणि त्याला खेटून दुसरं हिरवंगार, असं रानभर. औषध दोघांवरही पडलं होतं. एकाने ते पचवलं होतं. बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि खिशात ठेवून दिला.

"चहा दे," म्हणाले.

दुसऱ्या सकाळी ते बूट घालता घालता गेले. एक पायात होता, एक हातात.

त्या आठवड्यात त्यांनी याच रानात शेतकऱ्यांना बोलावलं होतं. आत्या म्हणाली, रद्द कर. पण माणसं आलीच. सांत्वन आणि शेतपाहणी एकाच खेपेत उरकली तर कोणाला नको असतं? बांधावर सगळे माना खाली घालून उभे राहिले. हयातभर बाबांशी हुज्जत घातलेले शेजारचे काका म्हणाले, "मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द." मरणाने बाबांचं ज्ञान एकदम वाढलं होतं.

औषधांचा दुकानदार पुढे आला. "मास्तर गेले, पण त्यांचं औषध आहे. यंदा हात जरा कमी पडला, म्हणून पुन्हा तेच मारा. फक्त नोझल तपासून घ्या."

"माझाच हात चुकला असेल," फवारणीवाला हळूच म्हणाला. तो खोटं बोलत होता, आणि ते बाबांसाठी होतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. रानमाठावर तुरे आले होते. ही माणसं घरी जाऊन तेच औषध मारणार, वाट बघणार, आणि तोवर बी प्रत्येकाच्या रानात पडणार. आत्याने माझा दंड धरला. "काही बोलू नकोस गं. दादाचं नाव राहू दे."

मी तिचा हात सोडवला.

"नोझल चांगलं होतं," मी म्हणाले. "याचा हातही चांगला होता. या तणाला ते औषध आता लागू पडत नाही. पुन्हा मारू नका. बी धरायच्या आत उपटा आणि रानाबाहेर न्या."

दुकानदार ओशाळवाणा हसला. "ताई, दुःखात माणूस काहीही बोलतो. मग मास्तर इतकी वर्षं सांगत होते ते काय?"

"तेव्हा ते बरोबर होतं."

"आणि आता?"

आत्या रडायला लागली होती. तिच्याकडे पाहिलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"आता बाबा चुकले होते," मी म्हणाले. "आणि त्यांना ते कळलं होतं."